नांगर न लागलेलं वावर

शेताच्या कडेला कोणी आलं की जिजी आधी उजवा पंजा वर करायची, उधळलेला बैल थोपवावा तसा. माणूस थांबला की त्याच्या पायांकडे बघायची आणि म्हणायची, "जोडा काढ, भाऊ. माटी जपेल शे."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपण माती जपून ठेवली आहे असं म्हातारी सांगते आहे. मी साताऱ्याकडचा. अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं, हे मला पुढे महिनाभराने कळलं. त्या दिवशी मी मुकाट्याने बूट काढले. माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. जिजीने ते पाहिलं, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाली, "साहेबना अंगठा बी वावर देखाले उना."

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. नंदुरबार तेव्हा जिल्ह्याचं गाव नव्हतं. तो सगळा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा आणि आमचं मोठं ऑफिस धुळ्याला होतं. मी शेतकी खात्यात कामदार होतो. कामदार म्हणजे बैलगाडीत लोखंडी नांगर आणि बियाण्याची पोती घालून गावोगाव हिंडणारा, लोकांना नवी शेती शिकवणारा माणूस. माझ्या स्वतःच्या नावावर वाफाभरही जमीन नव्हती. नेमणूक कच्ची होती. बिऱ्हाड तळोद्याला. तिथून उत्तरेला निघालं की काळी सपाट रानं संपतात, जमीन तांबूस होत चढायला लागते, आणि मग सातपुडाच. त्या चढणीवरच्या एका गावात जिजी राहायची. गावातली पोरंटोरं, म्हातारेकोतारे सगळे तिला जिजीच म्हणत. तिचं खरं नाव मी एकदाच वाचलं, तेही कचेरीच्या कागदावर. ते इथे लिहायचा मला हक्क नाही असं वाटतं.

जिजी चांगल्या खात्यापित्या पाटील घराण्यातली सून. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेला, मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर होता. गाव त्याला आप्पा म्हणायचं. खालची काळी जमीन आप्पाने वाहायची आणि वरचा अडीच एकरांचा उताराचा पट्टा जिजीला तिच्या पोटापाण्यासाठी द्यायचा, असं पंचांनी ठरवलं आणि कागद केला. त्या कागदात एक ओळ होती: बाईने जमीन पडीक ठेवू नये, ठेवल्यास ती दिराकडे परत जाईल. त्या ओळीकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. जिजीला तर वाचताच येत नव्हतं.

पहिल्याच वर्षी आप्पाने बैल पाठवले नाहीत. आज पाठवतो, उद्या पाठवतो. बाईने नांगराला हात लावला तर पाऊस पळतो, असं त्या बाजूला म्हणतात. तुमच्याकडेही म्हणत असतील. त्यामुळे नांगर मागून आणला तरी जिजीला तो धरता आला नसता. पेरणीचे दिवस निघून चालले होते. ती कपाळाला हात लावून बांधावर बसली होती. मोलगीकडून डोंगर उतरून बाजाराला निघालेली एक पावरा जमातीची बाई वाटेत पाणी प्यायला थांबली. एकीला दुसरीची बोली येत नव्हती. पावरा बाईने शेताकडे बघितलं, जिजीकडे बघितलं, हातातली टोकदार काठी जमिनीत खुपसली, भोकात मक्याचे दोन दाणे टाकले आणि टाचेने भोक बुजवलं. अशी तिने बांधापर्यंत एक ओळ केली. मग बाजाराला निघून गेली.

"ते मन्हं कॉलेज," जिजी मला म्हणाली होती. "तुन्हं कॉलेज कितलं सालनं?"

"दोन," मी म्हणालो.

"मन्हं एक घडीनं."

तेव्हापासून तिच्या पट्ट्याला नांगर लागलाच नाही. मका ती गुडघाभर उंचीवर कापायची. खालची धसकटं तशीच उभी. वरची ताटं उतारावर आडवी, एकाला एक लागून टाकायची. पुढच्या वर्षी धसकटांच्या मधल्या जागेत पहारीने भोकं पाडून मका लावायची, मध्येमध्ये चवळी आणि भोपळा. तण खुरप्याने कापून तिथल्या तिथेच पसरायची. मी पहिल्यांदा ते शेत पाहिलं तेव्हा मला ते शेत वाटलंच नाही. बैल बसलेल्या गोठ्यासारखं दिसत होतं. सगळीकडे काडीकचरा, वाकडीतिकडी धसकटं. ज्याला आम्ही स्वच्छ मशागत म्हणायचो तिचा पत्ताच नाही.

गावानेही तिला सोडलं नव्हतं. जनावरांना वैरण मिळत नाही आणि ही बाई ताटं मातीत कुजवते, याचा लोकांना राग होता. "जिजीनं वावर बी जपेल, जिजी बी जपेल," असं पाणवठ्यावर बोलायचे. जिजी कमरेवरचा हंडा न हलवता उत्तर द्यायची, "मंग कणसं काय तुन्हा बाप लावस?"

कणसं लागायची, हे मात्र खरं. फार मोठी नाहीत. पण दरवर्षी.

मी तिच्याकडे गेलो होतो तो तिचा पट्टा मागायला. उताराच्या बरड जमिनीवर लोखंडी नांगराने खोल नांगरट करून मक्याचं पीक किती वाढतं ते लोकांना दाखवा, असा वरून हुकूम होता. वाटेला लागून असलेला, चारचौघांना दिसणारा असा तो एकच पट्टा. मी तिला नांगराचं वर्णन ऐकवलं. किती खोल जातो, माती कशी उलथतो, खालची वर आणि वरची खाली.

जिजी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तू जपेल माणूसले पाय धरीसन उलटा करस का?"

मी हसलो. ती हसली नाही. तिने बांधावरचा पाण्याचा तांब्या उचलला, मला आपल्या शेतात नेलं आणि काडीकचऱ्यावर अर्धा तांब्या ओतला. पाणी क्षणभर चमकलं आणि गेलं. काडी बाजूला करून तिने दाखवलं. खालची माती काळपट, भुसभुशीत, ओली. एक गांडूळ चिडल्यासारखं आत गेलं. मग बांध ओलांडून आम्ही शेजारच्या तुकड्यात गेलो. तो आप्पाचा. तिथेही उतारच, पण दरवर्षी वरून खाली नांगरलेला. उरलेला अर्धा तांब्या तिने तिथे ओतला. पाणी मातीवर थांबलंच नाही. तांबडं होऊन नांगराच्या तासातून खाली पळालं, चांगलं दहा पावलं. त्याने धरलेल्या वाटेवर बारीक खडे उघडे पडले होते.

"देखं?" जिजी म्हणाली.

"पाहिलं."

"जाय. आते तुन्हा नांगरले दखाड."

तिने आम्हा दोघांचं प्यायचं पाणी संपवलं होतं. ऊन मी म्हणत होतं. परतताना माझा घसा कोरडा पडला होता, पण डोकं भरलं होतं. त्या दिवशी मी माझ्या खासगी वहीत दोन पानं लिहिली. सरकारी डायरीत लिहिलं: 'बाई अडाणी. नांगर लावण्यास राजी नाही.'

त्यानंतर मी तिच्याकडे वारंवार जायला लागलो. कामाचं काही नव्हतं. आप्पाच्या ओसरीवर माझा मुक्काम असायचा. तिथे गादी, तूप, विडा. तरी दुपारची वेळ झाली की पाय चढणीला लागायचे. जिजी पहारीने भोकं पाडायची, मी मागून दाणे टाकायचो. "दोन टाक, तीन नको," ती न वळता म्हणायची. तिसरा दाणा पडल्याचं तिला कसं कळायचं, देव जाणे. कधी भोपळ्याची भाजी आणि मक्याची भाकरी द्यायची. मी पुण्याच्या कॉलेजातल्या गोष्टी सांगायचो आणि ती ऐकता ऐकता मध्येच माझ्या अंगरख्याचं तुटकं बटण बघून पिशवीतून सुईदोरा काढायची. माझी आई मी लहान असताना गेली. हे मी तिला कधी सांगितलं नाही, पण तिला ते ठाऊक असावं.

आप्पाबद्दल वाईट लिहिणं सोपं आहे. पण तो काही राक्षस नव्हता. हसतमुख माणूस, कोणाच्या दारी मयत झालं तर पहिला जाणारा. त्याला एवढंच वाटायचं की जमीन पुरुषाच्या हाती असावी आणि ती नांगरलेली असावी. लोखंडी नांगर पाहून त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. त्याला तो पट्टा हवा होता. मला प्रयोगाला जागा हवी होती. धुळ्याहून इन्स्पेक्टरसाहेबांनी लिहिलं होतं, या हंगामात प्रयोग झाला तर तुमच्या पक्क्या नेमणुकीची शिफारस करता येईल.

एक दिवस आप्पाने तळोद्याच्या कचेरीत अर्ज दिला. वहिनी जमीन पडीक ठेवतात, कागदाप्रमाणे ती परत मिळावी. मामलेदारांनी शेतकी खात्याचं मत मागवलं. त्यासाठीचा छापील तक्ता माझ्याकडे आला. त्यात रकाने होते. नांगरट केली आहे काय? वखरणी केली आहे काय? शेत साफ आहे काय? औत, बैल आहेत काय?

तक्ता आला तेव्हा मी आप्पाच्याच ओसरीवर होतो. आप्पाने एका शब्दानेही गळ घातली नाही. पानदान पुढे सरकवत तो म्हणाला, "खरं शे तेच लिखा, साहेब. आपले खोटं काय करनं शे?"

मी खरं तेच लिहिलं. नांगरट नाही. वखरणी नाही. शेत साफ नाही, मागील पिकाची ताटे व धसकटे पडून आहेत. औत नाही, बैल नाहीत. एकही शब्द खोटा नव्हता. पीक येतं का, असा रकाना त्या तक्त्यात नव्हता. खाली शेऱ्यासाठी चार बोटं जागा कोरी होती. मी टाक दौतीत बुडवला आणि त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिलो. टाकाची शाई वाळली. मग मी टाक पुन्हा बुडवला आणि सही केली.

सुनावणीला जिजी तळोद्याला चालत आली. धुतलेलं लुगडं, हातात फडक्यात बांधलेली चार कणसं. साहेबाला दाखवायला आणली होती. मामलेदार वाईट माणूस नव्हते, घाईत होते. त्यांनी माझा तक्ता मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर जिजीने विचारलं, "पीक उनं का नही, ते कोठे लिखेल शे?"

मामलेदारांनी कागद उलटापालटा केला. "तसं काही लिहिलेलं नाही."

जिजी माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. विसराळू मुलाला आठवण करून द्यावी तशी म्हणाली, "भाऊ, तू तं देखेल शे. सांग ना साहेबले. पानी कोठे गयं ते सांग."

कचेरीत पाचसात माणसं होती. मामलेदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काही सांगायचं आहे का तुम्हाला?"

मी म्हणालो, "जे आहे ते तक्त्यात लिहिलं आहे, साहेब."

 जिजीने कणसं दाखवायला सोडलेलं फडकं पुन्हा गाठ मारून बांधलं. निकाल पुरता वाचून व्हायच्या आधीच ती बाहेर पडली होती. तुम्ही एखाद्या माणसाला मनातून उठून जाताना कधी पाहिलं आहे? मी त्या दिवशी पाहिलं. ती कचेरीतून गेली, आणि माझ्याकडूनही.

नांगर लागला तो दिवस गावाने सणासारखा केला. सहा बैल, त्यांच्या शिंगांना गोंडे, नांगराला नारळ. पट्टा अरुंद आणि उताराच्या दिशेने लांब होता. आडवं नांगरायचं तर दर वीस पावलांवर बैल वळवावे लागले असते. म्हणून वरून खाली, खालून वर, असे सरळ तास धरले. धसकटं, ताटं, चवळीचे वाळके वेल आदल्या दिवशी गोळा करून पेटवून दिले होते. फाळ मातीत गेला तेव्हा लोक ओरडले. काळी, ओली माती लोण्यासारखी उलथत होती. "काय माटी शे!" आप्पा म्हणाला. तीस-पस्तीस वर्षं ती माती कोणी केली, हे विचारायला तिथे कोणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं.

जिजी आली नाही. ती आता आप्पाच्या घरामागच्या पडवीत राहत होती. परतताना मी तिकडून गेलो. ती दाराकडे पाठ करून पहार पुसत बसली होती. मी हाक मारली नाही.

पहिल्या वर्षी मका माणसाच्या डोक्यावर गेला. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण हेच सगळ्यांनी पाहिलं. धुळ्याहून इन्स्पेक्टरसाहेब कॅमेरा घेऊन आले. मी, आप्पा आणि नांगर, तिघांचा फोटो निघाला. माझी नेमणूक पक्की झाली.

दुसऱ्या वर्षी श्रावणात एका दुपारी ढग सातपुड्यावर अडकले आणि तिथेच फुटले. मी गावातच होतो. तासदीड तास एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पाऊस थांबला तसे आम्ही वर गेलो. पट्ट्याच्या सरळ तासांच्या नाल्या झाल्या होत्या, आणि नाल्यांच्या घळी. गुडघाभर वाढलेला मका मुळांसकट खाली ओढ्यात जाऊन पडला होता. जिथे फाळ लोण्यातून गेल्यासारखा गेला होता तिथे आता पिवळा मुरूम दिसत होता, सोललेल्या जनावरासारखा. शेजारच्या रानांतूनही माती गेली. पण तिथे मुळात जाण्यासारखं फार उरलं नव्हतं.

सगळे हळहळले. आप्पा म्हणाला, "देवनी करनी." मीही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कोणीतरी सांगितलं, जिजीला वेड लागलं. मी ओढ्यावर गेलो. ती ओढ्याच्या कडेला साचलेला गाळ खोऱ्याने टोपलीत भरत होती. टोपली डोक्यावर घेऊन चढण चढायची, पट्ट्याच्या वरच्या टोकाला मुरमावर ती माती ओतायची, हाताने पसरायची आणि पुन्हा खाली यायची. वय साठीकडे झुकलेलं. गुडघे चिखलाने भरलेले. बांधावर पाचसहा जण उभे राहून हसत होते.

मी खाली उतरलो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी एक टोपली भरली, खांद्यावर घेतली आणि वर नेऊन ओतली. दुसरी नेली. तिसरी भरून उचलली, तेवढ्यात आप्पा आला.

"वहिनी, हाई काय लाई दिनं?" तो ओरडला. "गाव हसी ऱ्हायना. वावर मन्हं शे, मी देखसू काय करनं ते."

जिजी थांबली. टोपली तिच्या डोक्यावरच होती. "वावर तुन्हं ऱ्हावू दे," ती म्हणाली. "माटी मन्ही शे."

मग आप्पाची नजर माझ्याकडे आली. माझ्या खांद्यावर टोपली होती, पाय चिखलात. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होतं. "साहेब, तुम्ही बी?"

मी टोपली खाली ठेवली. खिशातून मोजपट्टी काढली आणि म्हणालो, "नाही. मी घळीची खोली मोजायला आलो होतो." आणि खरोखरच वाकून मोजायला लागलो. आकडा काय आला ते मला आजही आठवतं. जिजी माझ्या बाजूने चढण चढून गेली. तिच्या टोपलीतून गळणारं गढूळ पाणी माझ्या हातावर पडलं.

चार दिवस जिजी माती वाहत होती. पाचव्या दिवशी पुन्हा पाऊस झाला.

त्या दिवाळीनंतर ती गावातून निघून गेली. "रुसीसन गयी," आप्पा म्हणाला. कुठे गेली ते कोणी शोधलं नाही.

पुढे दोनेक वर्षांनी माझी बदली नंदुरबारला झाली. स्टेशनाच्या पलीकडे मिरचीच्या पथाऱ्या असत. मोकळ्या मैदानात नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली, आणि तोंडाला फडकी बांधून देठं मोडत बसलेल्या बायांच्या रांगा. एका रांगेत मी ते हात ओळखले. फडक्यावर फक्त डोळे दिसत होते, पण हात तेच होते, दाणे न मोजता मोजणारे.

मी बूट काढायला वाकलो. सवयीने.

"ऱ्हावू दे जोडा पायमा," ती म्हणाली. "आठे कोनी जपेल नही."

मी शेजारी बसलो. एका मुसलमान मिरची व्यापाऱ्याकडे ती कामाला होती. त्याची बायको, जिला सगळे खाला म्हणत, तिने मागच्या अंगणातली खोली राहायला दिली होती. पट्ट्याचं काय झालं ते तिने विचारलं नाही. मीच म्हणालो, "जिजी, माझं चुकलं."

तिचे हात थांबले नाहीत. "चुकस त्याले मालूम नही ऱ्हास, भाऊ. तुले मालूम व्हतं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिरचीचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिरचीचं किती आणि माझं किती, मला सांगता येणार नाही. जिजीने कमरेची पिशवी चाचपली, गुळाचा खडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "गूळ खाय. ठसका जाई." एवढं बोलून ती पुन्हा देठं मोडायला लागली. मला यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

लढाई सुरू झाली. धान्याची टंचाई झाली आणि सरकारला एकाएकी मातीची आठवण झाली. खात्याकडून एक पुस्तिका आली. उताराच्या जमिनीत नांगरट टाळावी, मशागत उताराला आडवी करावी, मक्याची धसकटे उपटू नयेत, ताटे शेतात पसरावीत म्हणजे पावसाचा मार बसत नाही व माती वाहून जात नाही. सोबत चित्रंही होती. मी ती पुस्तिका उभ्याउभ्याच वाचून काढली आणि खुर्चीत बसलो. ही माहिती पायथ्याच्या गावांत सभा घेऊन सांगावी, असा हुकूम होता.

आप्पाच्या गावातही सभा झाली. चावडीपुढे सतरंजी घातली होती. आप्पा आता थकला होता, पहिल्याच रांगेत बसला होता. मी पुस्तिकेतलं सगळं सांगितलं. तांब्याभर पाणी मागवून दोन ठिकाणी ओतूनही दाखवलं. लोकांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्याने शेजारच्याच्या कानात काही सांगितलं आणि दोघेही वर चढणीकडे बघायला लागले.

आप्पाने विचारलं, "चांगलं शे, साहेब. हाई शोधं कोनी?"

 वर, माणसांच्या डोक्यांवरून, तो पट्टा दिसत होता, पिवळा, उघडा.

"खात्याने," मी म्हणालो.

सभेला टाळ्या पडल्या. परतीच्या बैलगाडीत मी ठरवलं, नंदुरबारला पोचलो की आधी जिजीकडे जायचं. तिला पुस्तिका वाचून दाखवायची. तिचं म्हणणं आता सरकारने छापलं आहे, हे निदान माझ्या तोंडून तिला कळलं पाहिजे. मागच्या भेटीला तीन वर्षं होऊन गेली होती. मधल्या काळात मी त्या पथाऱ्यांकडे फिरकलो नव्हतो. स्टेशनावर जायचं असलं तर दुसरा रस्ता धरायचो.

व्यापाऱ्याचं घर शोधत गेलो. खालाने दार उघडलं. जाड भिंगाचा चष्मा, हाताला पीठ. मी जिजीबद्दल विचारलं.

"वो तो गुजर गई," खाला म्हणाली. "जाड़े में. आठ दिन बीमार थी. मोहल्ले के हिंदू भाइयों को बुलाया, वो ले गए. सब ठीक से किया."

मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. पुस्तिका हातात.

"बीमारी में बोली, दो जगह खबर दो," खाला सांगत होती. "एक उसके देवर को. दूसरा कोई शेतकीवाला था, तलोदे में. बोली, वो आएगा, उसको मेरा घर मालूम है. हमने आदमी भेजा तलोदे. दो बार भेजा. वहाँ बोले, यहाँ ऐसा कोई नहीं रहता."

मिरचीच्या पथारीवरून उठताना जिजीने मला विचारलं होतं, आते कोठे ऱ्हास? आणि मी म्हणालो होतो, तळोद्यालाच, आज कामासाठी आलो होतो. ती कधी माझ्या दारी येईल, मला रोज तिच्यापुढे उभं राहावं लागेल, याची भीती वाटली होती. बदलीला तेव्हा दोन महिने झाले होते.

खालाने चष्मा वर केला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "आखिर तक दरवाज़े की तरफ़ देखती रही. आप पहचानते हो क्या उस आदमी को?"

"नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली, हात पदराला पुसला आणि पाणी हवं का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो. माझं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे होतं.